पाठ न पाहिलेले तिकीट

मित्रांनो, चिमटा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर निखारे उचलणारा लांब, काळा चिमटा येतो. तो मी नव्हे. मी टपालतिकिटे उचलणारा एक जुना चिमटा आहे. पोलादी, बोटभर लांबीचा. माझी टोके चपटी आहेत आणि इतकी गुळगुळीत, की रेशमावरून फिरवली तरी धागा अडकत नाही. तिकीट कधी हाताने उचलू नये. बोटांचा घाम कागदाला लागतो आणि पुढे वर्षानुवर्षे तिथे पिवळा डाग पसरत राहतो. म्हणून आम्ही असतो.

पण माझा जन्म तिकिटांसाठी झाला नव्हता. शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात मी घडलो आणि तिथून एका दातांच्या डॉक्टरांकडे आलो. तेव्हा माझी टोके बाकदार होती. कापसाचे बोळे रुग्णाच्या गालात ठेवायचे आणि भिजले की बाहेर काढायचे, हे माझे काम. कामाला नावे ठेवू नयेत, पण मला ते आवडत नसे. माणसे मला पाहिले की डोळे घट्ट मिटून घेत. कुणीही माझ्याकडे आनंदाने पाहिले, असा एकही प्रसंग मला त्या दवाखान्यातला आठवत नाही.

डॉक्टरांचे शाळेपासूनचे एक मित्र होते. दवाखान्यासमोरच्या गल्लीत त्यांचे चष्म्याचे दुकान होते. पुढे आरसा आणि फ्रेमा, मागे काचा घासायचे चाक. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणेन. दोघा मित्रांना तिकिटांचा नाद होता. बाबा मात्र तिकिटे हातानेच उचलत, तीही चाकावरची लाल पूड लागलेल्या बोटांनी.

"भिंग्या, त्या तिकिटावर तुझा अंगठा उमटलाय," डॉक्टर एकदा ओरडले. "टपालवाल्यांनी मारलेला शिक्का कमी पडला का?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खिशातून काढून बाबांच्या पुढ्यात ठेवले. "हा घे. उकळून आणलाय, घाबरू नकोस."

बाबांनी माझा वाकडा भाग कापून टाकला, उरलेला चाकावर घासून सरळ आणि चपटा केला, आणि ज्या लाल पुडीने ते काचांना चकाकी आणत तिनेच माझी टोके उजळली. एकाने मला दिले, दुसऱ्याने मला नवे रूप दिले. मी त्या दोघांच्या मैत्रीचीच वस्तू आहे, असे मला वाटे आणि त्याचा मला मोठा अभिमान होता.

दर रविवारी सकाळी डॉक्टर बाबांच्या घरी येत. दारातूनच सुरुवात होई.

"ये दातपाड्या. या आठवड्यात किती जणांना रडवलंस?"

"तू चष्मे दिलेस तेवढ्यांना. खुर्ची समजून माझ्या मांडीवर बसतात."

बाबांची बायको आतून म्हणे, "अहो भावोजी, आधी चपला तरी काढा, मग भांडा." मग चहा येई, टेबलावर पांढरे फडके अंथरले जाई, आणि मी कामाला लागे. दोघांत मी एकच होतो. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना मला कधी परके वाटले नाही.

बाबांचे सगळे लक्ष एकाच देशाच्या जुन्या तिकिटांवर होते. तो देश म्हणजे ब्राझील. फार पूर्वी, जगात तिकिटांची नुकतीच सुरुवात होत होती तेव्हा, त्या देशाने काळ्या शाईत तीन तिकिटे छापली. तीस, साठ आणि नव्वद किमतीची. त्यांवर देशाचे नाव नाही, राजाचे चित्रही नाही. राजाच्या तोंडावर टपालाचा काळा शिक्का बसणे बरे दिसणार नाही, म्हणून चित्र टाळले, असे म्हणतात. नुसता मोठा आकडा आणि त्याच्या भोवती लंबगोलात केसांहून बारीक रेषांची नक्षी. दुरून पाहिले तर वटारलेला डोळा दिसतो, म्हणून लोकांनी त्याला नाव दिले बैलाचा डोळा. पुढे छोटी तिकिटे निघाली ती शेळीचा डोळा, आणि रंगीत निघाली ती मांजराचा डोळा. काचा घासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या डोळ्यांचे वेड लागले, यात नवल नाही.

दोघांची एक पक्की रीत होती. तिकीट हाती आले की आधी उलटायचे. पाठ खिडकीकडे धरून पाहायची आणि मगच तोंड बघायचे. तोंड कुणालाही रंगवता येते. कागद कुठे विरळ झाला आहे का, कुठे ठिगळ लावले आहे का, हे पाठीवरूनच कळते. डॉक्टर म्हणत, "आधी आ करायला लावायचं, मग बोलायचं." पाठ पाहिल्याशिवाय त्यांनी कुठल्याही तिकिटाला कधी बरे म्हटले नाही की वाईट.

शेळ्या आणि मांजरे बाबांनी हळूहळू गोळा केली. बैलाचा डोळा मात्र हाती लागेना. शेवटी एका म्हाताऱ्या संग्राहकाकडे नव्वदचे एक तिकीट आहे असे कळले. बाबांनी इतर सगळ्या देशांची, लहानपणापासून जमवलेली तिकिटे त्याला देऊन टाकली आणि ते एक घेऊन आले.

"कपाटभर देऊन हा कपटा आणलात?" आई म्हणाली. मी तिला आई म्हणतो, कारण त्या घरात सगळेच तिला आई म्हणत.

"कपटा नाही गं, डोळा आहे. बघ तर कसा बघतोय."

"बघतोय खरा. विचारतोय, या घरात अक्कल कुणाला आहे म्हणून."

मुलगी तेव्हा टेबलाला जेमतेम पोचत होती. बाबा तिला ठमी म्हणत. तिने विचारले, "बाबा, हे खरंच खरं आहे?"

बाबांनी तिच्या एका हातात भिंग दिले आणि दुसऱ्या हातात मला. "तूच बघ, ठमे. रेषा कशा उठून आल्यात कागदावर. खोट्यात त्या सपाट असतात. दिसलं? खरं आहे. आणि मी गेल्यावर तुझं आहे."

"तुम्ही कुठे चाललात?"

"कुठे नाही. दुकानात."

त्या इवल्या बोटांत मी ते तिकीट प्रथम नीट धरले. पातळ कागद, त्यावर शाईचे बारीक उंचवटे. तिकीट मी नजरेने ओळखत नाही, मित्रांनो. मला कळते ते स्पर्शाने, आणि तो स्पर्श मी विसरणे शक्य नव्हते.

रविवारी डॉक्टरांनी तिकीट पाहिले. उलटले, खिडकीकडे धरले, सुलटे केले, पुन्हा उलटले. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही. त्यांच्याकडे तीसचे होते आणि साठचेही होते.

पुढच्या वर्षी तिकिटांचे मोठे प्रदर्शन भरले. समितीत डॉक्टर होते. त्यांनी बाबांच्या मागे लकडा लावला. "भिंग्या, असं रत्न घरात कोंडून काय उपयोग? लोकांना पाहू दे की." बाबांना तिकीट घराबाहेर धाडायचे नव्हते. पण मागणारा मित्र होता. डॉक्टरांनी दवाखान्यातली कवळी ठेवायची डबी आणली होती. आत मऊ कापूस होता. "चावणार नाही, काळजी करू नकोस," ते म्हणाले, आणि मी माझ्या टोकांनी ते तिकीट त्या डबीत ठेवले.

प्रदर्शनात ते मधल्या पेटीत होते. बाबांच्या वरच्या खिशात मी होतो. बाबा काचेवर भिंग टेकवून किती तरी वेळ उभे राहिले आणि मागच्या लोकांना "जरा थांबा हं, जरा थांबा" म्हणत राहिले. डॉक्टरांनी ठमीला कडेवर उचलून घेतले होते. "बघ, ठमे. या अख्ख्या प्रदर्शनात असं दुसरं नाही."

प्रदर्शन संपल्यावरच्या रविवारी डबी परत आली. डॉक्टर त्या दिवशी फार बोलत होते. गर्दी किती होती, कोण काय म्हणाले, पंखा कसा बंद पडला. बाबांनी डबी उघडली आणि मला हातात घेतले.

मी ते धरले मात्र, आणि मला कळले. कागद जाड होता. शाई सपाट होती. बोटाखाली भिंत लागावी तसे ते मला लागले. नक्षी तीच, आकडा तोच, कडेचा शिक्कासुद्धा जवळजवळ तसाच. पण हे ते तिकीट नव्हते.

मला वाटले, बाबांना सांगावे. सांगण्याची गरज नव्हती. माझ्या पोलादातून ते त्यांच्या बोटांपर्यंत पोचले होते. त्यांनी तिकीट उलटले आणि पाठ पाहिली. सुलटे केले आणि तोंड पाहिले. मग ते अल्बमच्या पानावर त्याच्या जागी ठेवून दिले. मी वाट पाहत होतो. आता बोलतील, आता बोलतील.

बाबा म्हणाले, "चहात साखर किती सांगू?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारले नव्हते. डॉक्टरांच्या चहात साखर किती, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होते. डॉक्टर म्हणाले, "नेहमीसारखी."

ते गेल्यावर बाबांनी आईला सांगितले. ती खुर्चीतच बसली.

"विचारा ना त्यांना."

"विचारून काय? तो नाही म्हणेल. तिकीट गेलंच आहे. विचारलं तर मित्रही जाईल."

"आणि आत्ता मित्र आहे असं वाटतंय तुम्हाला?"

बाबांनी अल्बम मिटला. "ठमीला कळू देऊ नकोस," एवढेच म्हणाले. "तिचा काका आहे तो."

मित्रांनो, त्या दिवसापासून घरात दोन खोट्या गोष्टी होत्या. एक ते तिकीट आणि दुसरा रविवार. डॉक्टर येत राहिले. दारातले विनोद चालू राहिले. बाबा हसत, पण आधी हसून मग विनोद ऐकल्यासारखे. डॉक्टर मला पूर्वीसारखेच हातात घेत, आणि मला त्या हाताची शिसारी येई. ज्याने मला तोंडातल्या कापसातून सोडवून इथे आणले, त्यानेच हे केले होते. मी कुणाचा, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. आणि बाबांचाही मला राग येऊ लागला. फसवणारा एक होता, ठीक आहे. पण बाबांनी मला साक्षीदार केले आणि माझी साक्ष दाबून टाकली.

ठमी अधूनमधून म्हणे, "बाबा, नव्वदचं तिकीट दाखवा ना."

"आज नको. प्रकाश नाही."

बाहेर लख्ख ऊन असे. काही वर्षांनी तिने विचारायचे सोडले.

हळूहळू बाबांनी तिकिटांचा नादच सोडला. माझी टोके लाल पुडीने उजळायचे त्यांनी थांबवले. मी टेबलाच्या खणात पडून राहिलो. कुणी पायातला काटा काढायला मला नेले, कुणी शिलाई मशीनमध्ये अडकलेला दोरा ओढायला. एकदा गंजलेल्या कडीत घालून कुणी तरी मला पिळले, तेव्हा माझा एक पाय वाकला. पुढे आई गेली. ठमी नोकरीसाठी दूरच्या शहरात राहायला गेली. आणि एके सकाळी चष्म्याच्या दुकानाचे कुलूप उघडले नाही.

ठमी घर आवरायला आली तेव्हा तिच्या केसांत पांढऱ्या बटा होत्या. ती फार बोलत नसे. बाबांच्या मोडक्या फ्रेमा एका खोक्यात भरताना ती प्रत्येक फ्रेम एकदा डोळ्यांसमोर धरून पाही. डॉक्टर तिला भेटायला आले. काठी टेकत आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले.

"काका, बाबांची तिकिटं तुम्हीच न्या," ती म्हणाली. "त्यांना तेच आवडलं असतं. नव्वदचं तेवढं मी ठेवते. एकदा जाणकार माणसाला दाखवून घेईन म्हणते." तिने पलीकडच्या टेबलावरचा अल्बम त्या पानावर उघडला.

डॉक्टर खुर्चीतून हलले नाहीत. "नको दाखवूस, बाळ. आता सांगायला हवं. ते खोटं आहे. त्या म्हाताऱ्यानं भिंग्याला गंडवलं. मी आयुष्यभर बोललो नाही. म्हटलं, कपाटभर तिकिटं देऊन बसलाय, कशाला त्याचं मन मोडा?"

रविवारी बाकीची तिकिटे न्यायला येतो असे सांगून डॉक्टर गेले. मग तिने मला खणातून काढले, ते तिकीट माझ्या टोकांत धरले, आणि भिंगाशिवायच तिला दिसले. रेषा सपाट होत्या.

"प्रकाश नाही म्हणायचात," ती रिकाम्या खोलीत म्हणाली. "म्हणजे माहीत होतं तुम्हाला. फसलात, आणि मला मात्र खरं म्हणून दाखवलंत."

तिने मला मोडक्या फ्रेमांच्या खोक्यात टाकले. मला किती ओरडावेसे वाटले, कसे सांगू? लहानपणी तिने माझ्याच टोकांत धरून पाहिलेले तिकीट खरे होते. तिचा बाप तिच्याशी खोटे बोलला नव्हता. पण तिच्या मनातून तो उतरला होता, आणि त्याला तिथे परत बसवू शकेल असे घरात दुसरे कुणीच उरले नव्हते.

रविवारी डॉक्टर आले. टेबलाशी बसले आणि इकडेतिकडे पाहू लागले. "चिमटा कुठाय गं? अरे, हा खोक्यात टाकलास?" त्यांनी मला उचलले. वय झाले होते, पण रीत सुटली नव्हती. मांजराचा डोळा उचलला, उलटला, पाठ खिडकीकडे धरली, मग सुलटा केला. "छान." शेळीचा डोळा उचलला, उलटला, खिडकीकडे धरला. "याची पाठ विरळ आहे. मी म्हटलं होतं भिंग्याला, घेऊ नकोस." ठमी समोर बसून एकेक तिकीट पाकिटात घालत होती. अगदी ढिगाने मिळणारी तिकिटेसुद्धा ते उलटून पाहत होते. मग नव्वदचे पान आले. डॉक्टरांनी ते पान तसेच पुढे उलटले.

ठमीचा हात थांबला.

"काका, हे नाही पाहिलंत?"

"त्यात काय पाहायचं? सांगितलं ना तुला."

"उलटूनसुद्धा नाही?"

"अगं, खोट्याची पाठ काय आणि पोट काय."

"त्या दिवशीही तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. साध्या तिकिटाला तुम्ही आधी आ करायला लावता. मग याची पाठ कधी पाहिलीत?"

डॉक्टर हसले. "प्रदर्शनाच्या वेळी. माझ्याच ताब्यात होतं की. तेव्हाच लक्षात आलं."

"मांडायच्या आधी?"

"हो, आधीच."

"मग मला उचलून कशाला दाखवलंत?" ठमीचा आवाज मुळीच चढला नव्हता. "असं दुसरं नाही, म्हणालात. खोटं तिकीट मधल्या पेटीत मांडलंत तुम्ही? तुम्ही, काका?"

मी डॉक्टरांच्या बोटांतून सुटलो आणि टेबलावर पडलो.

"माझ्याकडे तीस होतं, साठ होतं," ते म्हणाले. "शेजारी ती रिकामी जागा. रोज अल्बम उघडला की ती जागाच दिसायची." मग त्यांनी विचारले, "भिंग्याला कळलं होतं?"

ठमी त्या पानाकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही तरी हलले, आणि मला वाटले, आता हिला सगळे दिसते आहे. लख्ख ऊन, बंद अल्बम, हसणारे बाबा.

"प्रदर्शनानंतर त्यांनी मला ते एकदाही दाखवलं नाही," ती म्हणाली. "आणि खरं आहे, असंही पुन्हा कधी म्हणाले नाहीत. कळलं होतं, काका. तुमच्यापुढे चहा ठेवायचे ना, तेव्हा दर वेळी ते कळलेलं असायचं."

डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. तो बाबांनीच करून दिलेला होता. "उद्या आणून देतो, बाळ. जसंच्या तसं आहे. धक्का लावला नाही कधी."

"मला नको."

"तुझंच आहे ते."

"बाबांना द्यायचं होतं," ठमी म्हणाली.

डॉक्टर पाकिटे टेबलावरच ठेवून गेले. काठीचा आवाज जिन्यात थांबत थांबत खाली गेला. ठमीने मला उचलले, स्वच्छ फडक्याने पुसले आणि त्या खोट्या तिकिटाच्या पानावर आडवे ठेवले. मग ती बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली. "मला तरी सांगायचं होतंत, बाबा," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता. मात्र दुखावलेपण होते, आणि ते मला ओळखीचे होते.

मित्रांनो, चिमटे कोरड्या जागी ठेवावेत, त्यांनी काटे काढू नयेत, कड्या उचकटू नयेत, हे मी तुम्हाला सांगणारच होतो. तेही करा. पण त्याआधी एवढे करा. कुणाची वस्तू विश्वासाने तुमच्या हाती आली असेल, तर तीच वस्तू परत द्या, आणि घेणारा माणूस हात पुढे करू शकतो तोवर द्या. आणि तुम्हाला कुणी फसवले, तर हसून चहा पुढे करू नका. आपल्या माणसांपैकी एकाला तरी खरे सांगून ठेवा. नाही तर चोरी कुणाची आणि संशय कुणावर, हे तुमच्या मागे राहिलेल्यांना कसे कळावे?

मी सगळे जाणत होतो आणि गप्प राहिलो, कारण मला तोंड नव्हते. बाबांना होते.